विर्तुती मिलितारीचे मानकरी

विर्तुती मिलितारी हा रणांगणावरील शौर्यासाठी दिला जाणारा पोलंडचा सर्वोच्च सन्मान आहे. लॅटिन नावाचा अर्थ ‘सैनिकी शौर्यासाठी’ असा होतो. राजा स्तानिस्वाव आउगुस्त पोन्यातोव्स्की याने २२ जून १७९२ रोजी तो सुरू केला. त्याआधी चारच दिवस, आज युक्रेनमध्ये असलेल्या झ्येलेंत्से गावाजवळ पोलिश फौजेने रशियनांना रोखून धरले होते. ३ मे १७९१ ची नवी राज्यघटना टिकवण्यासाठी ते युद्ध चालले होते. पहिल्या मानकऱ्यांत त्या लढाईचा सेनापती, म्हणजे राजाचा पुतण्या युझेफ पोन्यातोव्स्की, आणि तादेउश कोश्च्युश्को हे दोघेही होते. मात्र काही आठवड्यांतच रशियाच्या आश्रयाने उठलेल्या सरदारांपुढे राजाने मान तुकवली आणि पदक बंद झाले. ज्यांनी ते जिंकले होते, त्यांना ते छातीवर लावण्याचीही सोय उरली नाही. १७९५ मध्ये तर पोलंडच नकाशावरून पुसला गेला.

नेपोलियनच्या आधाराने उभ्या राहिलेल्या वॉर्सा डचीत या सन्मानाला पुन्हा जीव आला. योआना झुबर ही तो मिळवणारी पहिली स्त्री याच काळातली. नवऱ्याच्या पाठोपाठ ती पायदळात भरती झाली आणि १८०९ मध्ये झामोश्चच्या किल्ल्यावरील हल्ल्यात लढली. बायकांना सैन्यात थारा नसण्याच्या त्या दिवसांत ती सार्जंटच्या हुद्द्यापर्यंत चढली.

सर्वांत मोठा घाव १८३१ नंतर बसला. रशियन सत्तेविरुद्धचा १८३०-३१ चा उठाव मोडून काढल्यावर झार पहिला निकोलस याने हेच पदक उचलले आणि उठाव चिरडणाऱ्या स्वतःच्या सैनिकांना हजारोंनी वाटले. क्रॉसचा घाट जवळपास तोच राहिला, पण मागच्या बाजूला १७९२ ऐवजी १८३१ हा आकडा आला. उठावात लढून ज्यांनी तेच चिन्ह कमावले होते, त्यांच्यासाठी यापेक्षा जिव्हारी लागणारी गोष्ट दुसरी नव्हती.

पोलंड स्वतंत्र झाल्यावर १ ऑगस्ट १९१९ रोजी संसदेने कायदा करून हा सन्मान परत आणला. पाच वर्ग ठरले. सर्वांत खालचा, पाचवा वर्ग रुपेरी क्रॉसचा आणि चौथा सोनेरी क्रॉसचा. क्रॉसच्या चार भुजांवर नावाची अक्षरे विभागलेली, मध्ये पांढरा गरुड, आणि मागे ‘सन्मान आणि मातृभूमी’ अशा अर्थाचे पोलिश शब्द. फीत निळी, दोन्ही काठांना काळे पट्टे. १९२० मध्ये शौर्यासाठी आणखी एक क्रॉस निघाला. तो एकाच सैनिकाला चार वेळांपर्यंत मिळू शकत असे. विर्तुती मिलितारीचा मान मात्र त्याहून वरचाच राहिला.

मानकरी केवळ माणसेच नव्हती. १९२० मध्ये पोलंडचा राष्ट्रप्रमुख युझेफ पिउसुद्स्की याने ल्वूफ (आजचे ल्विव) शहराला क्रॉस दिला. फ्रान्समधले व्हर्दुन शहरही या यादीत आहे. सप्टेंबर १९३९ च्या वेढ्यात झुंजलेल्या वॉर्सालाही तो मिळाला. रणात पडलेल्या ज्या सैनिकाचे नावही कोणाला ठाऊक नव्हते, त्या वॉर्सातील अज्ञात सैनिकाच्या वाट्यालाही हाच मान आला.

१९२० च्या कायद्याने लढाईत विशेष पराक्रम केलेल्या सैनिकांना पूर्व सीमेवर जमिनी मिळू लागल्या. त्या जमिनींची किंमत पुढे त्यांच्या कुटुंबांनी मोजली. १० फेब्रुवारी १९४० रोजी, पूर्व पोलंड ताब्यात घेतलेल्या सोव्हिएत सत्तेने या वसाहतकऱ्यांना बायकापोरांसह ऐन थंडीत मालगाड्यांत कोंबून सायबेरियाकडे धाडले. १९४१ मध्ये सुटका झाल्यावर पोलिश सेनापती व्वादिस्वाव आंदेर्स याच्या सैन्याबरोबर हजारो पोलिश इराणमार्गे बाहेर पडले. पुरुष आघाडीवर गेले. बायका आणि मुलांपैकी सुमारे ५,००० जणांना १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळच्या वळिवडे छावणीत आसरा मिळाला. मे १९४४ मध्ये माँटे कॅसिनोचा मठ आंदेर्सच्या सैन्याने घेतला, त्या लढाईतही अनेकांनी रुपेरी क्रॉस मिळवला. पंचगंगेच्या परिसरात वाट पाहणाऱ्या घरांपैकी कितीतरी घरे याच सैन्याची होती.

मायदेशात लपून लढणाऱ्यांत एल्झ्बिएता झावात्स्का हिचे नाव घ्यावेच लागते. भूमिगत सेनेचे निरोप पोचवणारी ही स्त्री १९४३ मध्ये ब्रिटनमधून हवाई छत्रीने पोलंडमध्ये उतरली. तशा रीतीने पाठवलेल्या निवडक सैनिकांत ती एकटीच स्त्री. हा क्रॉस तिलाही मिळाला. तरी १९५१ मध्ये कम्युनिस्ट सरकारने तिला तुरुंगात टाकले.

त्याच राजवटीने १९७४ मध्ये सोव्हिएत नेता लिओनिद ब्रेझनेव्ह याला या सन्मानाचा सर्वोच्च वर्ग दिला. पोलिश भूमिगत नेत्यांना पकडण्यात ज्याचा हात होता, त्या सोव्हिएत गुप्त पोलीस दलाच्या इव्हान सेरोव्ह या जनरललाही हा सन्मान मिळाला होता. ब्रेझनेव्हचा सन्मान १९९० मध्ये आणि सेरोव्हचा १९९५ मध्ये काढून घेण्यात आला, आणि ते योग्यच झाले. १९९२ च्या कायद्यानुसार हा क्रॉस आता युद्ध चालू असताना किंवा ते संपल्यापासून पाच वर्षांच्या आतच देता येतो.