केनेडींच्या खिशातलं लोणचं

आजची गोष्ट फक्त सात पानांची आहे.

एप्रिल १९६१ मध्ये क्युबातला बे ऑफ पिग्जचा हल्ला फसला. केनेडींकडे गुप्तचर अहवालांचा ढीग येत होता, पण रोज हातात घ्यावा असा एक कागद नव्हता. त्यांचे लष्करी सहायक चेस्टर क्लिफ्टन यांनी सीआयएला सांगितलं, सगळं एकत्र द्या, साध्या भाषेत, आणि कोटाच्या खिशात मावेल एवढंच. १७ जूनला पहिला अंक आला. व्हर्जिनियातल्या घरी केनेडींनी तो स्विमिंग पूलच्या फळीवर बसून वाचला, आणि त्यांना आवडला! नाव होतं ‘प्रेसिडेंट्स इंटेलिजन्स चेकलिस्ट’. आद्याक्षरं जोडली की ‘पिकल’, म्हणजे चक्क लोणचं.

मला खटकते ती त्याची अ‍ॅक्सेस लिस्ट. उपाध्यक्ष लिंडन जॉन्सन त्यात नव्हते. विसरले म्हणून नव्हे, त्यांना द्यायचं नाही असा केनेडींच्या माणसांचाच हुकूम होता. म्हणजे अध्यक्षांना काही झालं तर ज्यानं खुर्चीत बसायचं, बॅकअपच म्हणा ना, त्यालाच रोजचा डेटा बंद.

२२ नोव्हेंबर १९६३, डॅलस. केनेडींची हत्या झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी व्हाइट हाउसच्या तळघरात सीआयएचे प्रमुख जॉन मॅकोन यांनी ‘पिकल’ जॉन्सनसमोर ठेवलं. अण्वस्त्रांची सत्ता आदल्या दुपारीच त्यांच्याकडे आली होती.

जॉन्सनना ते कधी फारसं रुचलं नाही. शेवटी डिसेंबर १९६४ मध्ये सीआयएनं साचा, नाव, वेळ सगळंच बदललं. जॉन्सन रात्री वाचायचे, म्हणून अंक संध्याकाळी जाऊ लागला. नवं नाव ‘प्रेसिडेंट्स डेली ब्रीफ’. तेच आजही चालू आहे.