लग्नाचा खर्च आणि कामकऱ्याचे कर्ज

कामकऱ्याच्या घरातले लग्न हा इतिहासाचा विषय होऊ शकतो काय, अशी शंका काही श्रोत्यांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. राजेरजवाड्यांच्या लग्नांची वर्णने बखरींत सापडतात. गरिबाच्या लग्नाची नोंद मात्र सावकाराच्या खतावणीत, कोर्टाच्या दप्तरात आणि सरकारी चौकशी समित्यांच्या अहवालांत शोधावी लागते. ती तेथे भरपूर सापडते. या नोंदींच्या आधारे दोन प्रश्नांचा विचार करण्याचे आम्ही योजिले आहे. पहिला प्रश्न असा की, गरीब माणूस लग्नामुळे कर्जबाजारी होतो, की मुळातच कर्जबाजारी असल्यामुळे त्याला लग्न जड जाते? दुसरा असा की, लग्न थोडक्या खर्चात करण्याचे जे प्रयत्न आपल्याकडे झाले, त्यांपैकी कोणते टिकले आणि का टिकले?

आरंभ 1875 सालापासून करू. याच साली न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. आणि याच साली, 12 मे रोजी, पुणे जिल्ह्यातील भीमथडी तालुक्यात सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चालून जाऊन कर्जरोखे जाळले. दंगे पुणे व नगर जिल्ह्यांत पसरले. सरकारने चौकशी मंडळ नेमले. त्या काळी सरकारी अंमलदारांत आणि शहरी शिकलेल्या लोकांत एक ठाम समजूत होती की, कुणबी बुडतो तो लग्नकार्यांतल्या उधळपट्टीने. चौकशी मंडळाने 1876 च्या अहवालात या समजुतीला चांगलाच धक्का दिला. लग्नखर्चाला कर्जाचे कारण म्हणून वाजवीपेक्षा अधिक महत्त्व दिले गेले आहे. ऐपतीच्या मानाने तो खर्च जास्त असतो हे खरे, परंतु असे प्रसंग क्वचित येतात. उलट पोटासाठी, बी-बियाण्यासाठी, बैलांसाठी आणि सरकारी साऱ्यासाठी पुनःपुन्हा काढावी लागणारी लहान लहान कर्जेच रयतेचा बोजा वाढवितात, असा त्या अहवालाचा निष्कर्ष होता. 1879 साली दक्षिणेतील शेतकऱ्यांना कर्जापासून संरक्षण देणारा कायदा झाला, त्याच्या मागे ही चौकशी होती. सरकारने नेमलेल्या मंडळानेच हे लिहून ठेवले आहे, हे गरिबाला काटकसरीचा उपदेश करणाऱ्यांनी विसरू नये.

परंतु याच्याही दोन वर्षे आधी, त्याच पुण्यात, हा प्रश्न दुसऱ्या बाजूने हाती घेतला गेला होता. जोतीराव फुले यांनी 24 सप्टेंबर 1873 रोजी सत्यशोधक समाजाची स्थापना केली. त्यानंतर तीनच महिन्यांनी, 25 डिसेंबर 1873 रोजी, सीताराम जबाजी आल्हाट आणि राधाबाई निंबणकर यांचा विवाह समाजाच्या पद्धतीने झाला. पुरोहित नाही, हुंडा नाही. वधूवरांनी एकमेकांना शपथा दिल्या आणि विड्या-सुपारीच्या खर्चात कार्य उरकले. सावित्रीबाई या कार्याच्या पाठीशी उभ्या होत्या. पुढच्या वर्षी, 7 मे 1874 रोजी, ज्ञानोबा ससाणे यांचे लग्न असेच लागले. आणि 1889 साली जोतीरावांनी आपला दत्तक पुत्र यशवंत याचे लग्न ज्ञानोबा ससाण्यांच्याच मुलीशी त्याच पद्धतीने लावले. लोकांना सांगितले ते स्वतःच्या घरी केले. 1887 साली समाजाने मराठी मंगलाष्टकांसह पूजाविधींचे पुस्तक छापले. म्हणजे भटजीला बोलावू नका एवढे सांगून हे लोक थांबले नाहीत. भटजी आला नाही तर काय म्हणायचे, कसे उभे राहायचे, शपथ कोणती घ्यायची, हे सारे त्यांनी लोकांच्या हाती दिले. जुना खर्च बंद करावयाचा तर त्याच्या जागी नवी रीत द्यावी लागते, हा धडा येथे प्रथम मिळतो.

या रीतीला विरोध झाला तो केवळ धर्मबुद्धीने नव्हे. जुन्नर तालुक्यात ओतूर येथे 1884 साली बाळाजी कुसाजी पाटील यांनी पुरोहिताला न बोलावता लग्ने लाविली, तेव्हा ग्रामजोशी आपल्या दक्षिणेच्या हक्कासाठी कोर्टात गेले. ग्रामजोशीपण हे वतन होते. त्यामुळे विधी त्याच्या हातून करवून घ्या अगर घेऊ नका, दक्षिणा त्याची त्याला दिली पाहिजे, असा हा दावा होता. कामाशिवाय मजुरी मागण्याचा असा हक्क कोणत्याही गिरणीकामगाराला मिळाल्याचे आमच्या ऐकिवात नाही! असल्या हक्कांचा कायमचा निकाल लागला तो 1926 साली, मुंबई कायदेमंडळात. ते बिल आणणारे सीताराम केशव बोले हे 1909 साली मुंबईत कामगार हितवर्धक सभा काढणाऱ्यांपैकी एक होते. कामगारांच्या पुढाऱ्याला लग्नाच्या दक्षिणेचा कायदा करण्याची गरज वाटावी, यातच या दोन गोष्टींचा संबंध दिसून येतो.

तो संबंध त्याहूनही जुना आहे. नारायण मेघाजी लोखंडे हे सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते आणि ‘दीनबंधू’ पत्राचे संपादक. त्यांनी 1884 साली मुंबईच्या गिरणीकामगारांना संघटित केले आणि 10 जून 1890 पासून कामगारांना रविवारची सुटी मिळाली. या सुटीचा लग्नाशी संबंध काय, असे कोणी विचारील. हिशेब साधा आहे. मुहूर्त आठवड्याच्या मध्ये आला की कामकऱ्याची मजुरी बुडते. एकट्याची नव्हे, तर वऱ्हाडात येणाऱ्या प्रत्येकाची. मुहूर्त मानावयाचा नाही असे ठरविले की सुटीचा दिवस धरता येतो. शिवाय मुहूर्ताचे दिवस मोजके, त्यामुळे त्या दिवशी वाजंत्री, मांडव, आचारी यांची मागणी एकदम वाढते आणि भाव चढतात. आज मंगल कार्यालयांचे दर पाहिले तरी हाच नियम दिसतो. आता तर रविवार आणि मुहूर्त एकाच दिवशी आले की भावाला धरबंध राहत नाही. म्हणून आजच्या काळात काटकसर करणाऱ्याने बिनमुहूर्ताचा आणि आडवारचा दिवस धरावा, असे आम्ही सुचवितो. काळ बदलला की काटकसरीची रीतही बदलावी लागते.

आता कामकऱ्याच्या घरच्या आकड्यांकडे वळू. 1921-22 साली मुंबई सरकारच्या लेबर ऑफिसने शहरातील कामकरी कुटुंबांच्या जमाखर्चाची पाहणी केली. तिचा अहवाल फिंडले शिरास यांनी 1923 साली प्रसिद्ध केला. कुटुंबाची सरासरी मिळकत महिना सुमारे 52 रुपये भरली. लग्नाचा सरासरी खर्च दोनशे रुपयांच्या थोडा वर, म्हणजे चार महिन्यांची सबंध मिळकत. शंभरातील 47 कुटुंबे कर्जात होती, आणि व्याजाचा नेहमीचा दर रुपयाला महिना एक आणा. श्रोत्यांनी हे गणित स्वतः करून पाहावे. दोनशे रुपये कर्ज काढले तर महिन्याचे व्याज दोनशे आणे, म्हणजे साडेबारा रुपये. बावन्न रुपयांतून साडेबारा रुपये केवळ व्याजाला गेले. मुद्दल जागच्या जागी. वर्षअखेर दीडशे रुपये भरूनही दोनशे रुपयांचे देणे शिल्लक. लग्न दोनशेंतच झाले होते. पण व्याजाने ते दोन वर्षांत पाचशेंवर नेले.

1929 साली नेमलेल्या आणि 1931 साली अहवाल दिलेल्या शाही मजूर आयोगात ना. म. जोशी हे सभासद होते. बहुतेक औद्योगिक केंद्रांत निदान दोन तृतीयांश कुटुंबे कर्जात आहेत आणि बहुतेकांचे कर्ज तीन महिन्यांच्या पगाराहून अधिक आहे, असे आयोगाला आढळले. पगाराच्या दिवशी सावकार काठी घेऊन गिरणीच्या दरवाजाशी उभा राहत असे. अशा रीतीने वसुलीसाठी कारखान्याला घेरणे हा गुन्हा ठरवावा, अशी शिफारस आयोगाने केली. मात्र कर्जाच्या कारणांत सणसमारंभ, विशेषतः लग्ने, यांना आयोगाने वरचे स्थान दिले.

तेव्हा 1876 चे मंडळ खरे की 1931 चा आयोग खरा? आमच्या मते दोघेही आपापल्या जागी खरे आहेत. शेतकऱ्याचे कर्ज पेरणीपासून खळ्यापर्यंत थेंबाथेंबाने साचते. त्याच्याकडे तारण ठेवावयास जमीन असते. शहरातल्या कामकऱ्याकडे तारण काही नाही. वाण्याची उधारी पगारावर फिटते, आणि एकरकमी मोठी गरज पडते ती लग्नातच. म्हणून त्याच्या खात्यावर लग्न ठळक दिसते. परंतु दोनशे रुपयांचे पाचशे होतात ते पंगतीतल्या बुंदीमुळे नव्हे, पंचाहत्तर टक्के व्याजामुळे. आणि त्या दराने कर्ज घ्यावे लागते ते पगारातून काही उरत नाही म्हणून. केवळ उधळपट्टीला दोष देणारा माणूस अर्धीच वही वाचतो.

पण उरलेली अर्धी वहीही वाचली पाहिजे. इतका हिशेब कळत असूनही माणूस खर्च का करतो? त्याला मूर्ख ठरविणे सोपे आहे. आमचा अनुभव वेगळा आहे. खेड्यात आणि चाळीत आहेराची वही असते. कोणी किती भांडी, किती रुपये, कोणते लुगडे दिले, हे तीत लिहिलेले असते आणि ते त्यांच्या घरच्या कार्यात फेडावयाचे असते. ही एक प्रकारची बिनव्याजी भिशीच आहे. जो मांडव घालीत नाही, पंगत उठवीत नाही, तो या भिशीतून नाव काढून घेतो असे भाऊबंद समजतात. आजारपणात, बेकारीत, संपाच्या दिवसांत हेच भाऊबंद उपयोगी पडतात. म्हणून गरिबाचा लग्नखर्च हा काही अंशी अडीअडचणीचा विमा आहे. शिवाय अनेक कष्टकरी जातींत पूर्वी मुलीच्या बापाला देज मिळत असे. विसाव्या शतकात त्यांतही हुंडा शिरला आणि सारा भार मुलीच्या बापावर आला. 1961 साली हुंडाबंदीचा कायदा झाला, तरी मानपानाच्या नावाने तो चालूच आहे.

यावरून एक गोष्ट निघते. एकट्या गरीब माणसाला लग्न स्वस्तात करणे फार कठीण असते. त्याने साधेपणा केला तर लोक म्हणतात, याचे दिवाळे निघाले. मुलीला बोल लावतात. तोच साधेपणा शंभर घरांनी एकदम केला तर ती रीत होते. संपाचे असेच आहे. एकटा कामावरून उठला तर त्याला काढून टाकतात. सारे खाते उठले तर बोलणी होतात. इतिहासात स्वस्त लग्नाचे जे प्रयत्न टिकले, ते सारे मंडळींच्या बळावर टिकले. सत्यशोधकांच्या मागे समाज होता. 14 ऑक्टोबर 1956 रोजी डॉ. आंबेडकरांनी नागपुरास लाखो लोकांसह बौद्ध धम्म स्वीकारला; त्यानंतर बुद्धप्रतिमेसमोर त्रिशरण-पंचशील म्हणून लागणारी साधी लग्ने गावोगाव रूढ झाली, ती सगळ्या वस्तीने एकदम जुनी रीत सोडली म्हणून. गाडगेबाबा 1956 साली वारले. तोपर्यंत लग्नासाठी कर्ज काढू नका हे त्यांनी कीर्तनांतून हजारोंच्या मेळाव्यांना सांगितले, एकेकाच्या कानात नव्हे. याद्या करावयास बसलेल्या मंडळींनी त्याच बैठकीत लग्न उरकावयाचे, ही ‘यादी पे शादी’ची रीतही दोन्हीकडची वडील माणसे साक्षीला असतात म्हणूनच मान्य होते. सामुदायिक विवाहांचेही मर्म हेच. मात्र जेथे पुढाऱ्यांच्या सत्काराला वधूवरांहून अधिक वेळ मिळतो, तेथे गरिबाच्या मानाला धक्का बसतो; आणि मान गेला की माणूस पुन्हा कर्जाच्या मांडवाकडे वळतो.

कायद्याने वाट पुष्कळ सोपी केली आहे. 1954 च्या विशेष विवाह कायद्याप्रमाणे तीस दिवसांची नोटीस आणि तीन साक्षीदार एवढ्यावर लग्न पुरे होते. भविष्य निर्वाह निधीचा कायदा 1952 चा. त्याखालील योजनेत लग्नासाठी स्वतःच्या वर्गणीतून रक्कम काढण्याची सोय झाली. बरीच वर्षे नियम असा होता की, सात वर्षे सभासदत्व झाल्यावर निम्म्यापर्यंत रक्कम मिळे. हे कर्ज नव्हे, हे खरे. परंतु तो म्हातारपणचा घास आहे, हेही ध्यानात ठेवावे. आणि ज्या कंत्राटी कामगाराचा फंडच भरला जात नाही, त्याला सावकाराशिवाय दार नाही. त्याचा सावकार आता मोबाईलमधून बोलतो, एवढाच फरक.

पतपेढीचे अर्ज तपासताना आम्ही सभासदांना एक पद्धत सांगत असतो, ती येथे सांगतो. आधी तारीख ठरवून मग पैसा शोधू नये. आधी हाती असलेली रक्कम कागदावर मांडावी, आणि आहेरात येईल असे वाटणारे पैसे तीत धरू नयेत, कारण ते उद्या फेडावयाचे देणे आहे. वधू आणि वर या दोन्ही घरांनी खर्च निम्मानिम्मा वाटून घ्यावा. त्यानंतर माणसांची संख्या ठरवावी. कारण जेवण, जागा, मांडव, गाड्या, या सर्वांचा खर्च डोक्यांवर चढतो, आणि एक आकडा आवरला की चार आकडे आवरतात. कर्ज घ्यावेच लागले तर हप्ता किती हे नव्हे, तर फिटेपर्यंत एकूण किती रक्कम जाईल हे विचारावे. आणि हे सारे एकट्याने करू नये. चाळीतल्या, खात्यातल्या, पतपेढीतल्या दहा घरांनी एकत्र बसून आपल्या लग्नांची मर्यादा ठरवावी.

पगार वाढविण्याची लढाई आणि लग्नाचा खर्च आवरण्याची लढाई या दोन वेगळ्या नव्हेत. लोखंडे आणि बोले या दोघांनीही त्या बरोबरच लढल्या. पहिली सोडून दुसरीचा उपदेश करणे ही गरिबाची थट्टा आहे. आणि दुसरी सोडून पहिली लढणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी भरणे आहे. येत्या लग्नसराईत आपापल्या वस्तीत निदान दहा घरांची एक बैठक व्हावी, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.