दोन पांढरे

आमच्या बीडकडे दिवाळीच्या आधी घरोघर एक वाद हटकून होत असे: आतल्या भिंती चुन्याने पांढऱ्या करावयाच्या की पांढऱ्या मातीने पोतारावयाच्या? शहरातल्या माणसाला दोन्ही पांढरेच. पण कपिलधारच्या आसपासच्या खेड्यांत बायकांपुढे तसे म्हणून पाहावे! लक्ष्मीपूजनानंतर पंधरा दिवसांनी, कार्तिकी पौर्णिमेला, कपिलधारला मन्मथस्वामींची यात्रा. तोवर पाहुण्यांची रीघ लागणार आणि जो तो भिंतीला पाठ टेकणार. माती अंगरख्याला लागते, चांगला मुरलेला चुना लागत नाही, हा चुनेवाल्यांचा बिनतोड मुद्दा.

मातीचे घराणे मात्र जुने. मराठी कागदपत्रांत शेताला 'काळी' आणि गावठाणाला 'पांढर' म्हटले आहे. पिढ्यान्‌पिढ्यांची राख, शेण, पडलेल्या भिंती यांनीच गावाखालची जमीन फिकी झाली. ती काळीसारखी फुगत नाही, भेगाळत नाही. म्हणून ओस गढीची माती खणून लोक माळवदावर घालीत आणि तीच कालवून भिंतीला फाशीत. तिचा रंग साईसारखा, किंचित राखी. दिव्याच्या उजेडात ऊबदार दिसणारा. पैसा तर लागतच नसे.

चुन्याला भट्टी हवी. आपल्या काळ्या दगडाच्या मुलखात चुनखडीचे खडे वेचून भाजावे लागत. ओला हात फिका, जवळजवळ पारदर्शक दिसतो. हवेतला कर्बवायू शोषून तो पुन्हा दगड होतो आणि पांढरा होत जातो. नवशिका म्हणूनच घाईने दुसरा हात जाड देतो व पोपडे काढतो. चुन्यातही पिवळसर झाक राहते. ती मारण्यासाठी निळीची पुडी. निळा थेंब पडला की डोळ्याला पांढरे अधिक पांढरे वाटते.

या पुडीचा इतिहास मौजेचा आहे. चंपारण्यातली नीळ ती झाडाची. ही खनिज निळीची बहीण. अजिंठ्याच्या चित्रकारांनी मातीच्या गिलाव्यावर पांढरा हात देऊन जो निळा वापरला, तो बदख्शानातून येणारा लाजवर्द. तो इतका महाग की युरोपात त्याची नक्कल करणाऱ्याला बक्षीस जाहीर झाले, आणि 1828 साली ग्विमे नावाच्या फ्रेंचाने ते मिळविले. घटक कोणते? सोडा, गंधक आणि पांढरी चिनी माती!

म्हणजे चुनेवाल्यांची ऐट अखेर मातीच्याच उसनवारीवर. माझे मत विचाराल, तर बैठकीला निळीचा चुना आणि माजघराला माती. मातीच्या भिंतीवर तैलरंग मात्र देऊ नये. तिच्यातली ओल बाहेर पडू पाहते, रंग तिला अडवतो, आणि दोन पावसाळ्यांत फुगे धरतात. असे फुगे मी आमच्याकडल्या कितीतरी ओट्यांवर बसून बोटाने फोडले आहेत. आत तीच फिकी, दमट माती.