खासगीपणा, समाजमाध्यमांवरील (दादर)
काय उघड करायचे आणि काय घरात ठेवायचे, याची समाजागणिक बदलणारी रीत. पाश्चात्त्य शहरांत हा निर्णय बहुधा एकट्या व्यक्तीचा मानला जातो. दादरमध्ये तो बऱ्याचदा घराचा असतो. याचे मूळ चाळीत आहे. दादर पूर्वेलगतच्या नायगाव बीडीडी चाळींत १९२०च्या दशकापासून १६० चौरस फुटांच्या खोलीत अख्खे कुटुंब राहत आले. दार दिवसभर उघडे, मध्ये पडदा. शेजारी ऐकतो हे धरूनच बोलायचे.

तीच सवय व्हॉट्सअॅपवर आली. गणपतीचे, श्राद्धाचे फोटो सोसायटीच्या ग्रुपवर सहज जातात; पण ठरू घातलेले लग्न पक्के होईपर्यंत कुठेच दिसत नाही. बाळाच्या चेहऱ्यावर इमोजी चिकटवताना सायबर सुरक्षेइतकीच दृष्ट लागण्याची भीती असते. यात मागासलेपण पाहणे चूक ठरेल, कारण इथे मौनही विचारपूर्वक पाळले जाते. खरी कुचंबणा तरुण मुलींची होते: आत्या, काका, शेजारी सगळेच संपर्कात, म्हणून स्टेटस निवडक लोकांनाच दिसेल अशी सोय करावी लागते किंवा दुसरे खाते उघडावे लागते.

न विचारता ग्रुपमध्ये ओढले जाण्यावर व्हॉट्सअॅपने एप्रिल २०१९मध्ये सेटिंग दिले. त्याआधी, २४ ऑगस्ट २०१७ रोजी, सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला होता. हा हक्क व्यक्तीचा आहे. घरातल्या वडीलधाऱ्यांसमोर तो मागणे मात्र अजूनही अवघड जाते.