नावापुढची ‘एफसीए’ ही तीन अक्षरे

सातपुड्याच्या पायथ्याशी असलेले तेल्हारा हे अकोला जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. कपाशी, तूर, सोयाबीन आणि हरभरा यांवर या भागातील व्यवहार उभा आहे. जिनिंगचा कारखानदार असो, बाजार समितीतील अडत्या असो की पतसंस्थेचा व्यवस्थापक, हिशेबाची वर्षअखेर आली की यांतील अनेकांना सनदी लेखापालाचे दार ठोठवावे लागते. तेथील लेटरहेडवर नावापुढे कधी ‘एसीए’ अशी अक्षरे असतात, तर कधी ‘एफसीए’. या एका अक्षराच्या फरकाकडे अशिलाचे सहसा लक्ष जात नाही. ज्यांचे जाते, त्यांतील अनेकजण ‘एफसीए’ ही ‘सीए’च्या वरची एखादी परीक्षा किंवा पदवी असावी असे समजतात. वस्तुतः ती पदवी नव्हे. ती देशातील एका व्यावसायिक संस्थेच्या सभासदत्वाची सर्वोच्च श्रेणी आहे आणि ती परीक्षेने मिळत नाही.

सनद नव्हे, कायदा

इंग्लंड-स्कॉटलंडमधील लेखापालांच्या संस्थांना राजाची सनद मिळाली. म्हणून ते ‘चार्टर्ड’ म्हणवले जाऊ लागले. एडिंबरोच्या संस्थेला अशी सनद १८५४ मध्ये, तर इंग्लंड-वेल्सच्या संस्थेला १८८० मध्ये मिळाली. भारतातील वाट निराळी होती. १९१३ च्या कंपनी कायद्याने लेखापरीक्षकाच्या पात्रतेचा प्रश्न प्रथम ऐरणीवर आणला. १९१८ मध्ये मुंबईत ‘गव्हर्नमेंट डिप्लोमा इन अकाउंटन्सी’ हा अभ्यासक्रम सुरू झाला. ही पदविका आणि मान्यताप्राप्त लेखापालाकडे तीन वर्षांची उमेदवारी असे दोन टप्पे पार केल्यावर लेखापरीक्षणाचा अधिकार मिळे. पुढे सरकारी नोंदवहीतील ‘रजिस्टर्ड अकाउंटंट’ ही व्यवस्था आली.

स्वातंत्र्यानंतर व्यवसायाचे नियमन सरकारी खात्याकडून व्यावसायिकांच्या स्वायत्त संस्थेकडे सोपवण्यात आले. सनदी लेखापाल अधिनियम, १९४९ हा १ जुलै १९४९ पासून अमलात आला आणि भारतीय सनदी लेखापाल संस्था स्थापन झाली. राज्यघटना लागू होण्याच्या जवळपास सात महिने आधीची ही घटना आहे. आपण मराठीत ‘सनदी’ म्हणत असलो, तरी भारतीय लेखापालाच्या हाती राजाची सनद नसून संसदीय कायद्याचा आधार आहे.

दोन श्रेणी, एक अट

या अधिनियमाच्या पाचव्या कलमाने सभासदांचे दोनच वर्ग केले आहेत: असोसिएट आणि फेलो. अंतिम परीक्षा व उमेदवारी पूर्ण करून नाव नोंदवहीत चढले की व्यक्ती असोसिएट होते आणि ‘एसीए’ ही अक्षरे लावू शकते. फेलो होण्यासाठी नवी प्रश्नपत्रिका सोडवावी लागत नाही. असोसिएट म्हणून भारतात सलग किमान पाच वर्षे व्यवसाय केलेला असणे ही कायद्याची मुख्य अट आहे. अट पूर्ण झाल्यावर विहित अर्ज आणि शुल्क द्यावे लागते. अर्ज मंजूर झाल्यावर नोंदवहीत नाव फेलो म्हणून चढते. आपोआप काहीही घडत नाही.

व्यवसायाऐवजी नोकरी पत्करलेल्यांसाठीही दार बंद नाही. पाच वर्षे सलग असोसिएट राहिलेल्या आणि संस्थेच्या परिषदेने ठरवून दिलेली पात्रता असलेल्या सभासदालाही फेलो होता येते. व्यवसायाच्या पाच वर्षांत जो अनुभव साधारणपणे मिळतो, त्याच्या तोडीचा अनुभव या सभासदाजवळ असावा, हा त्यामागचा हेतू.

या अटीत एक गोष्ट लक्षणीय आहे. कायदा वर्षे मोजतो, ठिकाण मोजत नाही. मुंबईच्या नरिमन पॉइंटवरील मोठ्या फर्ममध्ये भागीदार म्हणून काढलेली पाच वर्षे आणि तेल्हाऱ्याच्या बाजारपेठेत एकट्याने चालवलेल्या कार्यालयातील पाच वर्षे नोंदवहीच्या लेखी सारखीच. अशिलांची संख्या, उलाढाल किंवा शहराची प्रतिष्ठा यांना त्या रकान्यात जागा नाही.

काय मिळते, काय मिळत नाही

फेलो झाल्याने लेखापरीक्षकाच्या स्वाक्षरीचे कायदेशीर वजन वाढते, हा सर्वांत रूढ गैरसमज आहे. व्यवसायाचे प्रमाणपत्र घेतलेल्या असोसिएटने आणि फेलोने स्वाक्षरी केलेला लेखापरीक्षण अहवाल कायद्यापुढे समान असतो. १९८४ च्या वित्त कायद्याने ४० लाख रुपयांवरील उलाढालीच्या व्यवसायांना कर-लेखापरीक्षण बंधनकारक केले, तेव्हापासून लहान गावांतील सनदी लेखापालांचे काम वाढले; १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कराने त्यात भर घातली. यांपैकी कोणत्याही कामासाठी ‘फेलोच हवा’ अशी अट नाही. म्हणून नवख्या ‘एसीए’कडे जाणाऱ्या व्यापाऱ्याने मनात किंतु बाळगण्याचे कारण नाही.

मग हे ‘एफ’ कशासाठी? उत्तर अधिनियमाच्या नवव्या कलमात आहे. संस्थेचा कारभार पाहणाऱ्या मध्यवर्ती परिषदेत सभासदांनी निवडून दिलेले जास्तीत जास्त ३२ आणि केंद्र सरकारने नेमलेले जास्तीत जास्त ८ सदस्य असतात. मत असोसिएट आणि फेलो दोघेही देतात. परंतु निवडून येण्याचा अधिकार केवळ फेलोंना आहे. परीक्षांचा दर्जा, लेखापरीक्षणाची मानके आणि सभासदांची शिस्त यांबाबतचे निर्णय या परिषदेच्या कक्षेत येतात. परिषद आपल्या निवडून आलेल्या सदस्यांतूनच वर्षभरासाठी अध्यक्ष निवडते. थोडक्यात, फेलो ही श्रेणी म्हणजे व्यवसायाच्या नेतृत्वाचा उंबरठा आहे.

हा उंबरठा महानगरांबाहेरील व्यावसायिकांनीही ओलांडला आहे. नागपूरचे जयदीप शहा २०१२-१३ मध्ये, तर इंदूरचे मनोज फडणीस २०१५-१६ मध्ये संस्थेचे अध्यक्ष होते. महाराष्ट्र ज्यात मोडतो त्या पश्चिम विभागाचे मुख्यालय मुंबईत असले, तरी अकोल्यासही संस्थेची शाखा आहे. तेल्हाऱ्यासारख्या तालुक्यातील व्यावसायिकाला सहव्यावसायिकांशी जोडणारा तोच जवळचा दुवा.

ठेवीदाराचा संबंध

हा सारा विषय व्यावसायिकांच्या मानापमानापुरता मर्यादित राहत नाही. ग्रामीण व निमशहरी वऱ्हाडात पतसंस्था हे अनेक कुटुंबांच्या बचतीचे ठिकाण आहे. सहकारी बँकेतील ठेवीला ठेव विमा महामंडळाचे पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. पतसंस्थेतील ठेव त्या विम्याच्या कक्षेत येत नाही. साहजिकच, तेथील ठेवीदाराच्या दृष्टीने लेखापरीक्षकाचा अहवाल अधिक मोलाचा ठरतो. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमातील २०१३ च्या दुरुस्तीनंतर मान्यताप्राप्त नामतालिकेतून लेखापरीक्षक नेमण्याची जबाबदारी संस्थेच्या सर्वसाधारण सभेवर आली. या नामतालिकेत सनदी लेखापालांबरोबर प्रमाणित लेखापरीक्षकही असतात. सभेत हात वर करणाऱ्या सभासदाला नावापुढच्या अक्षरांचा अर्थ ठाऊक असणे म्हणूनच इष्ट.

तो अर्थ समजून घेताना मर्यादाही ओळखावी. ‘एफसीए’ ही अक्षरे व्यवसायातील अनुभवाचा किमान काळ सांगतात; कामाच्या गुणवत्तेची हमी ती देत नाहीत. मात्र ती देणारी संस्था सभासदाला जाबही विचारू शकते. व्यावसायिक गैरवर्तनाचे प्रकार अधिनियमाच्या परिशिष्टांत नमूद आहेत. २००६ च्या दुरुस्तीनंतर अशा तक्रारी शिस्त मंडळ आणि शिस्तपालन समिती यांच्यापुढे चालतात. दोष सिद्ध झाल्यास समज, दंड किंवा नोंदवहीतून नाव कमी करणे अशा शिक्षा होऊ शकतात. नाव गेले की अक्षरेही गेली. वार्षिक शुल्क थकवल्यासही नाव कमी होऊ शकते. पदवी एकदा मिळाली की आयुष्यभराची. श्रेणी मात्र नोंदवहीत नाव असेपर्यंतच.

शंका आल्यास पडताळणीचा सोपा मार्ग २०१९ पासून उपलब्ध आहे. सनदी लेखापालाने प्रमाणित केलेल्या दस्तऐवजावर ‘यूडीआयएन’ हा १८ अंक-अक्षरांचा क्रमांक असतो. त्यातील पहिले दोन अंक वर्षाचे, पुढील सहा सभासद क्रमांकाचे आणि उरलेली दहा चिन्हे त्या दस्तऐवजाची. संस्थेच्या संकेतस्थळावर हा क्रमांक टाकून दस्तऐवज खरोखर त्या सभासदाचा आहे की नाही, हे कोणालाही पाहता येते.

सर्व ‘फेलो’ सारखे नव्हेत

‘फेलो’ हा शब्द इतर संस्थांतही आढळतो, परंतु त्यामागील कसोटी प्रत्येक ठिकाणी वेगळी. परिव्यय लेखापाल आणि कंपनी सचिव यांच्या संस्थाही संसदेच्या कायद्यांनी, अनुक्रमे १९५९ आणि १९८० च्या, नियंत्रित आहेत. तेथेही असोसिएट आणि फेलो अशाच दोन श्रेणी आहेत. याउलट लंडनच्या रॉयल सोसायटीचे फेलो होण्यासाठी अर्ज करून भागत नाही. विद्यमान फेलोंनी नाव सुचवून निवड करावी लागते. डॉ. रघुनाथ माशेलकर यांची अशी निवड १९९८ मध्ये झाली. काही संघटनांत मात्र केवळ वर्गणी भरून ‘फेलो’ होता येते. म्हणून अक्षरे वाचताना ती कोणी दिली, कोणत्या अटीवर दिली आणि देणारा ती परत घेऊ शकतो काय, हे तीन प्रश्न विचारावेत. ‘एफसीए’च्या बाबतीत तिन्हींची उत्तरे कायद्याच्या पुस्तकात छापलेली आहेत.

सनदी लेखापाल संस्थेचे बोधवाक्य कठोपनिषदातून घेतलेले असून, सारे निजले असता जो जागा राहतो त्याच्याविषयी ते आहे. तेल्हाऱ्याच्या पतसंस्थेत मुलीच्या लग्नासाठी पैसे साठवणाऱ्या शेतकऱ्याची अपेक्षाही याहून निराळी नाही. पाच वर्षांनी मिळणारे ‘एफ’ हे अक्षर त्या जागेपणाचा प्रारंभिक काळ मोजते. पुढचा काळ ज्याचा त्याने मोजायचा असतो.