घोड्याची 'खोड' : चाबूक नको, तज्ज्ञ हवा

- विशेष प्रतिनिधी

'जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही' ही म्हण घोड्याच्या बाबतीत अनेकदा अन्यायकारक ठरते. लाथा झाडणे, चावणे, उधळणे, मागल्या पायांवर उभे राहणे, गव्हाण दातांत धरून हवा ओढणे या साऱ्यांना सरसकट 'खोडी' म्हटले जाते आणि त्यावर उतारा म्हणून चाबूक उचलला जातो. तेवढ्याने भागले नाही, की घोडा विकला जातो. खोड त्याच्यासोबत नव्या मालकाकडे जाते आणि एखाद्या दिवशी नवख्या स्वाराच्या जिवावर बेतते. हे टाळायचे तर योग्य माणसाचा सल्ला वेळीच घ्यायला हवा.

आधी पशुवैद्यक

घोडा कण्हत नाही; वेदना वागण्यातून सांगतो. त्याचे दात आयुष्यभर वर सरकत राहतात, वर्षाला साधारण २ ते ३ मिलिमीटर. असमान झिजेमुळे त्यांच्या कडा धारदार होऊन गाल आणि जीभ सोलली जाते. मग लगाम ओढताच तो मान झटकतो. त्याच्या जठरात आम्ल सतत पाझरत असते. चाऱ्याविना पोट फार काळ रिकामे राहिले, तर व्रण होऊ शकतात. तंग आवळताना चावणाऱ्या घोड्याचे दुखणे पोटात किंवा न बसणाऱ्या खोगिरात असू शकते. ब्रिटिश अश्ववैद्यक स्यू डायसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये स्वार पाठीवर असतानाच्या २४ लक्षणांची सूची प्रसिद्ध केली. त्यांपैकी ८ किंवा अधिक दिसल्यास स्नायू-सांध्यांचे दुखणे संभवते, असा त्यांचा निष्कर्ष आहे.

म्हणून पहिली तपासणी पशुवैद्यकाचीच. तीत दात, डोळे, पाठ, पाय आणि खूर पाहिले जावेत. भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ नुसार पशुवैद्यकाची नोंदणी असते; ती विचारण्यात संकोच नसावा. घोड्यांचा अनुभव आहे का, हेही विचारावे. परळचे मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय किंवा शिरवळचे क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय येथे चौकशी करता येईल. सदोष नाल असल्यास अनुभवी नालबंदाला सोबत घ्यावे.

मग प्रशिक्षक

दुखणे नाही असे ठरल्यावर शिक्षणाचा आणि दिनक्रमाचा विचार करावा. दिवसभर ठाणबंद, एकाकी आणि अपुऱ्या वैरणीवर असलेला घोडा गव्हाण चावू लागला, तर गळ्यात पट्टा आवळून मूळ कारण जात नाही. मोकळे फिरणे, इतर घोड्यांची सोबत आणि भरपूर वैरण हा त्यावरचा पहिला उपाय.

प्रशिक्षक निवडणे अधिक अवघड, कारण 'मी घोडे सुधारतो' असे कोणीही म्हणू शकतो. जाणकार प्रशिक्षक आधी पशुवैद्यकाचा अहवाल मागतो, घोड्याचा दिनक्रम विचारतो, मालकासमोर काम करतो आणि मालकालाही शिकवतो. घोड्याने योग्य प्रतिसाद देताच तो लगामाचा ताण त्याच क्षणी सोडतो. घोडा शिकतो तो या सुटकेतून. 'आठवड्यात सरळ करतो' अशी हमी देणारा, एकांतात काम करू पाहणारा किंवा गुंगीचे औषध सुचवणारा माणूस दारातूनच परत पाठवावा. असे औषध पशुवैद्यकाखेरीज कोणी देऊ नये. काटेरी लगामाला तर १९६५ च्या ओझेवाहू जनावरांविषयीच्या नियमांनीच मनाई आहे.

तज्ज्ञ येईपर्यंत

स्वारी थांबवावी. मुलांना दूर ठेवावे. घोड्याच्या थेट मागे उभे राहू नये. खोड केव्हा, कोणासमोर आणि कोणते सामान चढवताना दिसते, याची रोज नोंद ठेवावी. शक्य तर चित्रीकरण करावे. घोडा एकाएकी बिथरू लागला, लोळू लागला किंवा त्याने चारा सोडला, तर ती खोड समजू नये. तो पोटशूळ असू शकतो, आणि त्यात काही तासांचा विलंबही प्राणघातक ठरू शकतो.