रजेवरून उशीर

दिवाळीच्या रजेला कारकुनाने न विचारता दोन दिवस जोडले, तर फार तर पगार कापतात. केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या शिपायाची गोष्ट निराळी. या दलाचा १९४९ चा कायदा चाळताना मी दहाव्या कलमापाशी थबकलो. पुरेशा कारणावाचून रजेपेक्षा अधिक दिवस राहणे हा गुन्हा. शिक्षा वर्षभरापर्यंत कैद, तीन महिन्यांच्या पगाराइतका दंड, किंवा दोन्ही! हे दल इंग्रजांनी १९३९ साली नीमचला उभारले, संस्थानांतल्या बंदोबस्तासाठी. स्वराज्यात नाव पालटले, करडेपणा टिकला. शिस्त हवीच. पण सरकार कमांडंटलाच मॅजिस्ट्रेटचे अधिकार देऊ शकते. म्हणजे सकाळी कवायत घेणाराच दुपारी न्यायासनावर, हे मला रुचत नाही. कामातल्या हयगयीला तर खटलाही नको : अकराव्या कलमाने २८ दिवसांपर्यंत क्वार्टर-गार्डात.